रात्र जागणाऱ्या घरासाठी ब्रह्मकमळ

घरात कोणी महिनोन्‌महिने अंथरुणाला खिळलं की दिवस-रात्रीचा हिशेबच मोडतो. दर दोन तासांनी कूस बदलायची, दहाची गोळी, बाराला घोटभर पाणी, पहाटे चादर बदलायची. सांभाळणारं माणूस जागंच असतं आणि बाकी जग झोपलेलं असतं. अशा घरात कोणतं फुलझाड लावावं, असं कोणी विचारलं तर आम्ही ब्रह्मकमळ सांगतो. अर्धांगवायूच्या रुग्णाची सेवा चालू असताना ते आम्ही एका पानापासून वाढवलं, आणि नंतर तशाच घरांत वाढताना पाहिलं. ते रात्री फुलतं, तेही नेमकं त्या वेळी, जेव्हा हे घर जागं असतं.

आजारपणात कोणी मायेने गुलाबाची कुंडी आणून देतं. पण गुलाबाला रोज माणूस लागतं. पाच-सहा तास ऊन, वेळच्या वेळी छाटणी, उन्हाळ्यात लाल कोळी, पावसाळ्यात पानांवर काळे ठिपके. मे महिन्यात चार दिवस दवाखान्यात मुक्काम पडला की कुंडीतला गुलाब वाळतो, आणि घरी परतल्यावर दारातच वाळलेलं झाड दिसणं त्या दिवसांत फार जड जातं. झेंडू-शेवंती सुंदर फुलतात, पण हंगाम सरला की कुंडी मोकळी. ब्रह्मकमळाला आठ-दहा दिवस कोणी पाहिलं नाही तरी ते तग धरतं, थेट ऊन नसलेल्या गॅलरीत वाढतं, आणि पहिली दोन वर्षं फूल नसलं तरी त्याच्यावर काही ना काही घडत असतं. बरं-वाईट ठरवण्याच्या पलीकडे गेलेल्या आजारात, पुढच्या आठवड्यात बघण्यासारखं काहीतरी असणं याला आम्ही फार मोल देतो.

हिमालयात उंचावर उगवणारं आणि उत्तराखंडाचं राज्यपुष्प असलेलं ब्रह्मकमळ वेगळं. ते आपल्या हवेत येत नाही. आपल्याकडे घरोघरी आहे ते निवडुंगाच्या कुळातलं, मूळचं मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतल्या दमट जंगलांतलं. तिथे ते जमिनीत न वाढता मोठ्या झाडांच्या फांद्यांवर, बेचक्यात साठलेल्या पाचोळ्यात मुळं रोवतं. ही एक गोष्ट लक्षात ठेवली की बाकी सगळं आपोआप कळतं: भुसभुशीत माती, गाळून आलेला उजेड, पाणी आलं की भरपूर पण लगेच निचरा. निवडुंग म्हणून त्याला कडक उन्हात ठेवणं आणि बागेतलं झाड म्हणून चिकट मातीत लावणं, झाडं बिघडतात ती मुख्यतः याच दोन कारणांनी.

कटिंग विकत आणायची गरज नाही. ज्यांच्याकडे झाड आहे ते मागितलं की देतात. पण मागताना नेमकं मागायचं: मागच्या पावसाळ्यात फुललेली फांदी. पान म्हणून जे आपण ओळखतो ती चपटी झालेली फांदीच असते, तिच्या दोन्ही कडांना खाचा असतात, आणि फूल येऊन गेलेल्या खाचेत वाळक्या देठाचा बारीक तपकिरी वण राहतो. असा वण असलेली, मधली शीर जाड आणि टणक झालेली, गडद हिरवी फांदी घ्यायची. कोवळी पोपटी फांदीही मुळं धरते, पण फुलायला एखादा पावसाळा जास्त घेते. लांबी १५ ते २० सेंटिमीटर पुरे. ब्लेड आधी स्पिरिटने पुसून घ्यायचं, ते अशा घरात असतंच. कापल्या कापल्या खालच्या टोकाला पेनने खूण करून ठेवायची. दोन दिवसांनी वरचं टोक कोणतं आणि खालचं कोणतं हे कळत नाही, आणि उलटी लावलेली कटिंग बहुधा कुजते.

कापलेला तुकडा लगेच मातीत घालायचा नाही. सावलीत, हवेशीर जागी, वर्तमानपत्रावर आडवा ठेवायचा. कोरड्या हवेत पाच ते सात दिवस, पावसाळ्यात आठ-दहा. कापलेली कडा बोटाला कोरडी आणि कडक लागली पाहिजे. ओल्या जखमेतून मातीतली बुरशी आत शिरते आणि फांदी खालून मऊ तपकिरी होत जाते. कोकणात जुलैमध्ये काही केल्या कड सुकत नाही, तिथे तुकडा पंख्याच्या वाऱ्यात ठेवावा. लावायला फेब्रुवारी-मार्च किंवा जूनची सुरुवात चांगली. थंडीत लावली तरी जगते, फक्त मुळं धरायला दुप्पट वेळ घेते.

कुंडी पहिल्यांदा सहा इंची. मोठी कुंडी आणायचा मोह होतो, तो आवरावा. जास्त माती म्हणजे जास्त वेळ टिकणारी ओल, आणि एवढ्याशा मुळांना ती सोसत नाही. पुढे आठ इंची, फार तर दहा. मुळं कुंडीत दाटली की हे झाड चांगलं फुलतं, त्यामुळे दोन-तीन वर्षं कुंडी न बदलणंच बरं.

मातीचं माप एका डब्याने धरू: दोन डबे पोयट्याची किंवा लाल माती, दोन डबे कोकोपीट किंवा नीट कुजलेला पाचोळा, एक डबा हरभऱ्याएवढे विटांचे तुकडे, एक डबा गांडूळखत. घाटावरची काळी माती अजिबात घालू नये. ती ओली असताना चिकटते आणि सुकली की दगड होऊन मुळं तोडते. कोकोपीट रात्रभर भिजवून दोनदा पिळून घ्यावं, त्यात मिठाचा अंश असतो. तळाच्या भोकांवर खापराचा तुकडा ठेवायचा, बुडाशी ताटली ठेवायची नाही. गॅलरी ओली होते म्हणून ठेवावीच लागली, तर पाणी घातल्यावर अर्ध्या तासाने ती ओतून टाकायची.

कटिंग चार-पाच सेंटिमीटर खोल रोवायची आणि शेजारी काडी खोचून सुतळीने सैल बांधायची, कारण हलली की नवी मुळं तुटतात. माती किंचित ओलसर असली की झालं. पहिलं पाणी चार-पाच दिवसांनी. तीन-चार आठवड्यांनी हलकेच ओढून पाहावं. अडली तर मुळं आली. उपटून बघू नये. या काळात पान थोडं सुरकुततं, पातळ दिसतं. ते स्वतःतलं पाणी वापरत असतं. सुरकुतलं म्हणून रोज पाणी घालणं हाच कटिंग मरण्याचा सर्वात मोठा रस्ता आहे.

जागा पूर्वेची खिडकी. सकाळचं आठ-नऊपर्यंतचं ऊन चालतं, दुपारचं नाही. ऊन जास्त झालं की पानं पिवळट-तांबूस पडतात, मग त्यावर कोरडे पांढरे चट्टे येतात. ते पान पुन्हा हिरवं होत नाही, पण झाड दगावत नाही. उलट फार अंधारात ठेवलं तर झाड हिरवंगार राहतं आणि वर्षानुवर्षं फुलत नाही. पुस्तक आरामात वाचता येईल एवढा उजेड दिवसभर हवा. नागपूर-अकोल्याकडे एप्रिल-मेमध्ये पन्नास टक्के ऊन अडवणारी हिरवी जाळी बांधावी आणि संध्याकाळी पानांवर पाणी फवारावं. मुंबईतल्या ग्रिलमध्ये पश्चिमेचं ऊन येत असेल तर कुंडी आतल्या कोपऱ्यात लटकवावी. पुण्याची हवा या झाडाला मानवते.

जागा ठरवतानाच एक विचार करावा: रुग्णाच्या खाटेवरून ती दिसली पाहिजे. नंतर हलवू म्हटलं तर ऐन कळ्यांच्या वेळी हलवता येत नाही, याचं कारण पुढे येईलच. खाटेवर डोकं उशीवर टेकून एकदा स्वतः पाहावं. उभ्याने दिसतं ते आडवं पडून दिसत नाही.

पाण्याचं वेळापत्रक लक्षात ठेवायला डोकं शिल्लक नसतं, म्हणून ते ज्या कामाशी बांधता येईल त्याला बांधावं. आठवड्याचा गोळ्यांचा डबा भरायचा दिवस तोच पाण्याचा दिवस. उन्हाळ्यात त्याच्या अध्येमध्ये आणखी एक-दोनदा. पावसाळ्यात कुंडी उघड्यावर असेल तर पाणी नाहीच. थंडीत दहा दिवसांनी एकदा. शंका आली तर बोट दोन पेरं मातीत घालून पाहावं. ओल लागली तर त्या दिवशी राहू द्यावं. दवाखान्यात अचानक जावं लागलं तर पावसाळ्यात-थंडीत दोन आठवड्यांचीही काळजी नाही. उन्हाळ्यात मात्र शेजारी किल्ली देताना तेवढं सांगून जावं.

पहिल्या वर्षी झाड चपटी पानं देण्याआधी एक-दोन गोल, बारीक, चाबकासारखे लांब कोंब वर फेकतं. ते मीटरभरही जातात. बेढब दिसतात म्हणून पुष्कळ जण छाटतात. छाटू नयेत. पुढची रुंद पानं याच दांड्यांवर फुटतात आणि फुलं त्या पानांवर येतात. एक बांबूची काठी रोवून दांडा बांधून घ्यावा. कोंबाचं टोक तांबूस असतं आणि पावसाळ्यात त्याची वाढ डोळ्यांना कळते. आमच्याकडे काठीवर पेन्सिलीने दर रविवारी खूण करत असू. बोलणं कमी झालेल्या माणसालाही खूण किती सरकली हे दाखवता येतं, आणि विषय औषधांचा नसतो. या झाडाचा खरा उपयोग इथूनच सुरू होतो, फुलाच्या पुष्कळ आधी.

खताचं थोडक्यात. पहिल्या वर्षी दर दोन महिन्यांनी मूठभर गांडूळखत. दुसऱ्या वर्षापासून फेब्रुवारीअखेर दोन चमचे बोनमील (हाडांची भुकटी) मातीत मिसळावं, आणि मेपासून दर पंधरा दिवसांनी शून्य बावन्न चौतीस (०-५२-३४) हे नत्र नसलेलं, स्फुरद-पालाशाचं विद्राव्य खत लिटरभर पाण्याला एक ग्रॅम. कृषी सेवा केंद्रात ते सुटं मिळतं. युरिया किंवा ताजं शेणखत घातलं तर पानं माजतात, कळी धरत नाही. डिसेंबर-जानेवारीत खत बंद आणि पाणी कमी. थंडीतली ही विश्रांती मिळाली की पावसाळ्यात बहर चांगला येतो.

कीड म्हणजे मुख्यतः पिठ्या ढेकूण. पानाच्या खाचेत कापसाचा बारीक पुंजका दिसला की तोच. कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये भिजवून पुसून काढावा. पसरला असेल तर लिटरभर पाण्यात पाच मिली नीमतेल आणि भांड्यांच्या साबणाचे चार थेंब घालून संध्याकाळी फवारावं, आठ दिवसांनी पुन्हा. कळ्यांवर फवारू नये. पावसाळ्यात गोगलगाई रात्री येऊन कोवळी कळी कुरतडतात. बाराच्या गोळीला उठता तेव्हा टॉर्च मारून पाहावं आणि हाताने उचलून लांब टाकाव्यात. खालून फांदी मऊ पडली तर तिच्यावर औषध नाही. निरोगी हिरव्या भागापर्यंत वर कापत जावं, आतली चकती स्वच्छ हिरवी दिसली की थांबावं, आणि तोच तुकडा सुकवून नवी कटिंग म्हणून लावावा. झाड गेलं असं वाटतं तेव्हाही बहुतेक वेळा एक तुकडा वाचलेला असतो.

कळी येते दुसऱ्या किंवा तिसऱ्या पावसाळ्यात. जून ते ऑक्टोबरच्या दरम्यान, एका हंगामात दोन-तीन वेळाही. खाचेत आधी मोहरीएवढा तांबूस ठिपका उमटतो. तो कोंब की कळी हे तीन-चार दिवस कळत नाही. कोंब लवकरच चपटा होतो. कळी गोलसर राहते आणि टोक बोथट. आठवड्याभरात तिला गुलाबी नळीसारखा देठ फुटतो आणि ती खाली लोंबते. देठ वीतभर लांबतो. फुलण्याच्या चार-पाच दिवस आधी हा देठ वाकून कळीला वर उचलायला लागतो. ज्या दिवशी फुलणार त्या दिवशी सकाळी कळी फुगलेली असते, दुपारी बाहेरच्या तांबूस पाकळ्यांच्या मधून पांढरा रंग दिसतो, आणि संध्याकाळी टोकाशी बोटाचं टोक जाईल एवढी फट पडते. ठिपक्यापासून फुलापर्यंत साधारण तीन ते चार आठवडे. उकाडा असेल तर लवकर, सलग गार पाऊस असेल तर उशिरा.

या तीन-चार आठवड्यांत कुंडी हलवायची नाही आणि फिरवायचीही नाही. कळी उजेडाच्या दिशेने स्वतःला लावून घेत असते. दिशा बदलली की ती गळते. माती पूर्ण सुकू द्यायची नाही, चिखलही होऊ द्यायचा नाही. एवढं सांभाळूनही काही कळ्या गळतातच. झाडाला पेलतील तेवढ्याच ते ठेवतं. दहा ठिपक्यांतून चार फुलं आली तरी ते चांगलं पीक. पहिल्या बहरात एकच कळी येऊन ती गळाली असंही होतं, आणि त्यात झाडाचं काही बिघडलेलं नसतं.

इथे एक गोष्ट कळकळीने सांगायची आहे. आजारपणाच्या घरात कळी दिसली की कोणीतरी म्हणतं, हे फुललं की बघा, आता बरं वाटणार. बोलणाऱ्याचा हेतू चांगला असतो. पण तीच कळी चौथ्या दिवशी पिवळी पडून खाली पडली की घरातली सगळी माणसं गप्प होतात, आणि रुग्ण सगळं पाहत असतो. कळी गळण्याचं कारण सुकलेली माती किंवा फिरलेली कुंडी असतं. माणसाच्या रक्तदाबाशी त्याचा काही संबंध नसतो. म्हणून शकुन-अपशकुनाची भाषा घरात येऊ देऊ नये, पाहुण्यांनाही प्रेमाने थांबवावं. झाडावरचा भरवसा वेगळ्या कारणासाठी ठेवावा: एक कळी गेली तरी त्या फांदीवर खाचा अजून पुष्कळ असतात, आणि झाड जगलंवाचलं की पुढच्या पावसाळ्यात पुन्हा कळी धरतं. एवढं खात्रीने सांगता येणाऱ्या गोष्टी त्या दिवसांत घरात फार थोड्या असतात.

फुलण्याच्या रात्री आठच्या सुमाराला बाहेरच्या पाकळ्या सुटतात. लक्ष देऊन पाहिलं तर हालचाल दिसते. एखादी पाकळी थरथरून एकदम मागे जाते. नऊ-साडेनऊला वास घरभर होतो. अकरा ते बारा या वेळात फूल पूर्ण उघडतं, तळहाताहून रुंद, आत बारीक पिवळसर पुंकेसरांचा झुपका आणि त्यातून पुढे आलेला, टोकाशी चांदणीसारखा फाटलेला पांढरा स्त्रीकेसर. मूळ देशात रात्री उडणारे पतंग परागणाला येतात. पांढरा रंग आणि तीव्र वास त्यांच्यासाठी. पहाटे पाकळ्या मिटायला लागतात आणि उजाडेपर्यंत फूल मान टाकतं.

आपल्याकडे ब्रह्मकमळ फुललं की शेजारी बोलवायचे, हळदकुंकू वाहायचं, कोणी आरतीही करतं. ही चाल आजारपणाच्या घरात अवश्य पाळावी. लांबलेल्या आजारात लोक यायचे थांबतात. काय बोलावं कळत नाही म्हणून. फूल पाहायला या म्हटलं की येतात, आणि बोलायला विषय असतो. दुपारीच फोन करून ठेवावेत, कारण रात्री दहाला कोणी निघत नाही. खोलीत एका वेळी दोघं-तिघंच, बाकीचे बाहेर चहाला. उदबत्ती मात्र लावू नये. दम्याच्या रुग्णाला धूर सोसत नाही आणि फुलाचा स्वतःचा वास असतोच.

खिडकी खाटेपासून लांब असेल तर संध्याकाळी, टोकाशी फट पडल्यानंतर, कळी पूर्ण देठासकट खाचेपासून कापावी आणि उंच ग्लासात पाण्यात ठेवावी. ती ग्लासातही उमलते. यासाठी निदान दोन कळ्या असाव्यात असं आम्हाला वाटतं, म्हणजे एक झाडावरही राहते.

केमोथेरपी चालू असलेल्या घरात वेगळा नियम. पांढऱ्या पेशी खाली आलेल्या असताना कुंडीतली माती, फुलदाणीतलं पाणी यांतली बुरशी आणि जंतू धोक्याचे असतात, म्हणून डॉक्टर अशा वस्तूंपासून लांब राहायला सांगतात. तेव्हा कुंडी काचेच्या पलीकडे, गॅलरीतच ठेवावी, मातीला रुग्णाने हात लावू नये, आणि फूल ग्लासात घालून आत नेऊ नये. तीव्र वासाने मळमळही वाढते, त्यामुळे त्या रात्री काच बंद. पेन्सिलीच्या खुणा आणि कळीचा वाकता देठ काचेतूनही दिसतो. माती हाताळणाऱ्याने साबणाने हात धुऊनच रुग्णाजवळ जावं.

दोन-तीन वर्षं हा काळ कुणाला फार लांब वाटेल. ज्यांना काही महिन्यांतच फूल हवं आहे त्यांनी सोबत निशिगंधाचे कंद लावावेत. एप्रिल-मेमध्ये, मोठ्या सुपारीएवढे कंद, पाच-सहा सेंटिमीटर खोल. साधारण साडेतीन-चार महिन्यांत दांडा येतो. त्याला मात्र चांगलं ऊन लागतं. गॅलरीत ऊन नसेल तर एकच उपाय, ओळखीच्यांकडून वाढलेलं ब्रह्मकमळ कुंडीसकट मागून आणणं, तेही हिवाळ्यात, म्हणजे पावसाळ्याआधी त्याला जागा मानवते.

फूल वाळल्यावर देठ आपोआप गळतो, ओढू नये. फांदी कापू नये. तिच्या उरलेल्या खाचांतून पुढच्या वर्षी फुलं येतात. आजार कोणत्याही बाजूला संपला तरी झाड घरात राहतं, आणि बघायला येऊन गेलेल्यांपैकी कोणी ना कोणी कटिंग मागतंच. ऑक्टोबरनंतर, बहर संपल्यावर द्यावी. लांब पाठवायची असेल तर कड दोन-तीन दिवस सुकवून वर्तमानपत्रात गुंडाळावी, प्लास्टिकच्या पिशवीत नाही, आत घाम धरून ती कुजते. खोक्यात अशी दहा-बारा दिवस सहज टिकते. खालच्या टोकाला लाल दोरा बांधून द्यावा आणि चिठ्ठीत लिहावं: दोरा मातीत, पहिलं पाणी पाचव्या दिवशी.